चाळणीत राहिलेला कोंडा

सर्वप्रथम अल्लाहची स्तुती, आणि अखेरचे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम.



आजच्या विषयाचा आरंभ मी एका कबुलीने करणार आहे. आमच्या मोहल्ल्यातील एक वयोवृद्ध नमाजी अनेक वर्षे पहिल्या सफमध्ये माझ्या पाठीशी उभे राहत. त्यांना मधुमेह होता. काही वर्षांपूर्वी एका निकाहच्या दावतीत त्यांनी मिठ्याची ताटली बाजूला सारली. यजमानांचा चेहरा उतरला. त्यांचे मन राखावे म्हणून मी सहज बोलून गेलो, ‘‘चाचा, बिस्मिल्लाह म्हणून घ्या. अल्लाहच्या नेमतीने काही होत नाही.’’ त्यांनी ताटली जवळ ओढली.

त्या एका ताटलीने त्यांचे काही बिघडले नसेल. परंतु माझे वाक्य त्यांनी जपून ठेवले. घरात कोणी पथ्याचा विषय काढला की ते म्हणत, ‘‘खुद्द मौलानांनी सांगितले आहे.’’ पुढे त्यांच्या पायाला जखम झाली. ती त्यांना जाणवली नाही, आणि ती भरूनही आली नाही. आधी एक बोट गेले, नंतर अर्धा पाऊल गेला. बरे होऊन मशिदीत आले तेव्हा वुजूच्या हौदाजवळ खुर्चीवर बसून त्यांनी मला विचारले, ‘‘मौलाना, जो पाय उरलाच नाही, त्याचा वुजू कसा करायचा?’’

मी मसला सांगितला. धुण्याचा जो भाग शिल्लक आहे तो धुवावा. जो भाग राहिलाच नाही त्याचे कर्तव्य उरत नाही. उत्तर बरोबर होते. पण त्या रात्री मला झोप आली नाही. वुजूचा मसला मला ठाऊक होता; दस्तरखानाचा मसला मात्र मी निष्काळजीपणे, काहीही न वाचता सांगितला होता. हा लेख त्या चुकीची भरपाई करण्याचा एक अल्पसा प्रयत्न आहे.

शरीर ही अमानत आहे

आपले शरीर आपल्या मालकीचे नाही. ते अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. प्रेषितांचे सहकारी हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) सतत रोजे ठेवीत आणि रात्रभर उपासना करीत. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की, तुमच्या शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. उपासनेच्या अतिरेकातही जर शरीराचा हक्क बुडवता येत नसेल, तर जिभेच्या चवीसाठी तो कसा बुडवता येईल?

पवित्र कुरआनने खाण्यापिण्याची मोकळीक दिली आहे, आणि त्याच आयतीत मर्यादा ओलांडण्यास मनाई केली आहे (सूरह अल-आराफ, 7:31). स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात न ढकलण्याची ताकीद सूरह अल-बकरामध्ये (2:195) आहे. त्या आयतीचा मूळ संदर्भ अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याचा आहे. परंतु आपल्या विद्वानांनी तिचा व्यापक आशय ध्यानी घेऊन जाणूनबुजून केलेल्या आत्मनाशालाही ती लागू केली आहे.

2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याचा अर्थ मशिदीतील प्रत्येक सफमध्ये आणि प्रत्येक दस्तरखानावर हा आजार आपल्यासोबत बसलेला आहे.

चाळणी नसलेले घर

सहीह बुखारीच्या भोजनविषयक प्रकरणात एक लहानशी हदीस आहे. मदरशात शिकत असताना मी ती अनेकदा वाचली. पण तिच्याजवळ थांबलो मात्र कधीच नव्हतो. अबू हाजिम यांनी हजरत सहल बिन सअद (रजि.) यांना विचारले की, प्रेषितांनी (स.) कधी पांढरेशुभ्र, स्वच्छ चाळलेले पीठ खाल्ले होते काय? सहल (रजि.) यांनी सांगितले की, प्रेषितत्व लाभल्यापासून अखेरच्या श्वासापर्यंत प्रेषितांनी (स.) तसे पीठ पाहिलेदेखील नाही. मग विचारणा झाली की, त्या काळी तुमच्याकडे चाळण्या होत्या काय? उत्तर आले की, प्रेषितांनी (स.) चाळणीही पाहिली नाही. तर मग न चाळलेले जव तुम्ही कसे खात होता? यावर सहल (रजि.) यांनी वर्णन केले की, आम्ही जव दळत असू, त्यावर फुंकर घालत असू, जे उडायचे ते उडून जाई आणि जे राही ते भिजवून आम्ही खात असू.

बंधूंनो, या घरात चाळणी नव्हती. दाण्याचा बहुतेक कोंडा पिठातच राहत असे.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. ही हदीस वैद्यकशास्त्राचा धडा म्हणून सांगितली गेलेली नाही. ती प्रेषितांच्या साध्या राहणीचे वर्णन करते. चाळलेले पीठ खाणे हराम आहे, असेही तिच्यातून निघत नाही. तसेच सूरह रहमानमध्ये (55:12) अल्लाहने आपल्या देणग्या मोजताना धान्याचा उल्लेख त्याच्या ‘अस्फ’सह केला आहे. भाष्यकारांनी या शब्दाचे अर्थ भूस, टरफल, पात असे केले आहेत. या आयतीत मधुमेहाचा उपचार दडलेला आहे, असा दावा मी करणार नाही. कुरआनच्या शब्दांवर आपल्या मनातील अर्थ लादणे ही बेअदबी आहे. मात्र एवढे निश्चित म्हणता येईल की, निर्मात्याने दाण्यावर जे आवरण घातले ते निरर्थक घातलेले नाही. आज आपण तेच आवरण चाळून शेळीच्या आंबोणात टाकतो आणि उरलेला पांढरा भाग माणसांना वाढतो.

चोथ्याचे कार्य

धान्य, डाळी, भाज्या व फळे यांतील जो भाग आपल्या आतड्यात पचत नाही, त्याला तंतुमय पदार्थ म्हणतात. आपल्या बोलीत चोथा. तो पचत नाही म्हणून तो निरुपयोगी, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे.

चोथ्याचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. एक पाण्यात विरघळणारा. जव, डाळी, मेथीदाणे, पेरू, सफरचंद यांत तो असतो. पोटात गेल्यावर तो खिरीसारखा दाट होतो. त्यामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते आणि त्यातील साखर रक्तात हळूहळू उतरते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीराचे इन्सुलिन अपुरे पडते किंवा त्याचा प्रभाव क्षीण होतो. अशा शरीरावर साखरेचा लोंढा एकदम आला की ते तो पेलू शकत नाही. तीच साखर थेंबाथेंबाने आली तर ते बरेचसे निभावून नेते. चोथा हा जणू त्या प्रवाहावरील बांध आहे. दुसरा प्रकार न विरघळणारा. कोंडा, पालेभाज्या, साली यांत तो असतो. त्यामुळे पोट साफ राहते आणि थोडक्या अन्नात तृप्ती मिळते. प्रेषितांनी (स.) पोटाचा एक तृतीयांश अन्नासाठी, एक तृतीयांश पाण्यासाठी व एक तृतीयांश श्वासासाठी ठेवण्याची जी शिकवण दिली, ती मैद्याच्या पावावर पाळणे कठीण जाते, भाकरी आणि भाजीवर ती सोपी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या मार्गदर्शनात प्रौढ माणसाने दररोज किमान 25 ग्रॅम नैसर्गिक चोथा आणि 400 ग्रॅम भाज्या व फळे घ्यावीत असे सुचविले आहे. आता आपल्या घरातील डबे उघडून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो; गव्हाच्या सबंध पिठात सुमारे 11, अख्ख्या मुगात सुमारे 17 आणि अख्ख्या हरभऱ्यात सुमारे 25 ग्रॅम. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात मात्र तो जेमतेम 3 ग्रॅमच्या आसपास असतो. दिवसभरात चहासोबत खारी, दुपारी भात, संध्याकाळी पाव आणि रात्री पुन्हा बिर्याणी, असा ज्याचा आहार आहे तो 25 ग्रॅमच्या जवळपासही पोहोचत नाही.

आपल्या मातीतील भाकरी

परभणी जिल्हा हा ज्वारीचा मुलूख आहे. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या वाणांना आपल्या शहराचे नाव दिले. ‘परभणी मोती’ अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. 2018 साली लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ आले. संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या प्रस्तावावरून 2023 हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. जगाने आपल्या भाकरीची दखल घेतली. परंतु आपल्याच घरांतून ती हद्दपार होत आहे. शेतात ज्वारीची जागा सोयाबीन व कपाशीने घेतली, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले आणि भाकरी गरिबीची खूण ठरली. पाहुणे आले की आपण भाकरीची टोपली आत सरकवतो.

सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग आठवा. एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलावले. त्याने जवाची भाकरी आणि दुधी भोपळा व वाळवलेले मांस घातलेला रस्सा वाढला. प्रेषित (स.) ताटाच्या कडेकडेने भोपळ्याच्या फोडी शोधून खात होते. त्या दिवसापासून अनस (रजि.) यांनाही भोपळा प्रिय झाला. त्या शिंप्याला जवाची भाकरी वाढताना लाज वाटली नाही, आणि पाहुण्याला ती खाताना कमीपणा वाटला नाही. आपल्या दावतीतील दालचा हा याच रश्श्याचा भाऊबंद आहे. त्यात डाळ आहे, दुधी आहे. दालच्याची वाटी मोठी आणि बगाऱ्या खान्याची ताटली लहान, एवढा बदल केला तरी दावत दावतच राहते.

आता हिशेब करू. दोन मध्यम भाकरींच्या सुमारे 100 ग्रॅम पिठातून 10 ग्रॅम चोथा मिळतो. मूठभर मोड आलेल्या मुगाची किंवा हरभऱ्याची उसळ 5 ते 7 ग्रॅम देते. दोन्ही वेळा मेथी, चुका, शेपू, अंबाडी, गवार, भेंडी यांपैकी काही भरपूर घेतले आणि एक पेरू सालीसकट खाल्ला तर 25 ग्रॅम पूर्ण होतात. यासाठी महागडी पाकिटे लागत नाहीत.

मात्र भाकरी म्हणजे औषध नव्हे. तिच्यातही पिष्ट आहे आणि तिनेही रक्तातील साखर वाढते. ‘ज्वारीची आहे’ म्हणून चार भाकरी खाणाऱ्याला ज्वारी वाचवू शकत नाही. आणि गव्हाच्या सबंध पिठात ज्वारीइतकाच चोथा असल्यामुळे ज्याला भाकरी जमत नाही त्याने न चाळलेल्या पिठाची पोळी प्रमाणात खावी. प्रश्न धान्याच्या नावाचा कमी आणि चाळणीचा अधिक आहे.

खजुराचा घड आणि आजाऱ्याचा हात

येथे काही बंधू म्हणतील, ‘‘मौलाना, खजूर सुन्नत आहे, मध शिफा आहे, त्याने साखर कशी वाढेल?’’ त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. एकेकाळी मीही असेच बोललो होतो. पण खुद्द सुन्नत काय सांगते ते पाहा.

हजरत उम्मे मुन्जिर (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) त्यांच्या घरी आले. सोबत हजरत अली (रजि.) होते, ते नुकतेच आजारातून उठलेले होते. घरात खजुराचे घड टांगलेले होते. प्रेषित (स.) त्यांतून खाऊ लागले. अली (रजि.) यांनीही हात पुढे केला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना अडविले आणि आजारपणाच्या अशक्ततेची आठवण दिली. मग उम्मे मुन्जिर (रजि.) यांनी जव आणि एक पालेभाजी शिजवून आणली. प्रेषितांनी (स.) अली (रजि.) यांना त्यातून खाण्यास सांगितले, कारण ते त्यांच्यासाठी अधिक हितकर होते. ही हदीस अबू दाऊद, तिर्मिजी व इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे.

विचार करा. तोच खजूर, तेच घर, तीच वेळ. एकाने खाल्ला, दुसऱ्याला थांबविले. म्हणजे वस्तू पवित्र आणि हलाल असूनही ती प्रत्येकाच्या प्रकृतीला मानवेलच असे नाही, हे प्रेषितांनी (स.) स्वतः दाखवून दिले. पथ्य पाळणे हीसुद्धा सुन्नत आहे. आजाऱ्याचा हात मायेने थांबविणे हीसुद्धा सुन्नत आहे. आणि त्याला केवळ उपाशी न ठेवता त्याच्यासाठी जव आणि भाजी शिजवून आणणे, ही त्या घरातील स्त्रीची सेवा होती. मी त्या निकाहच्या दावतीत याच्या नेमके उलट वागलो होतो.

दस्तरखानाची दुरुस्ती

भगिनींनो, चाळणी तुमच्या हातात असते हे खरे. पण पांढऱ्या पोळीची मागणी पुरुषांच्या तोंडून येते. म्हणून हे पुढील शब्द दोघांसाठी आहेत.

धान्य दळण्यापूर्वी नीट निवडा, म्हणजे खडे व किडे यांच्या भीतीने पीठ बारीक चाळावे लागणार नाही. चाळायचेच झाले तर मोठ्या छिद्रांची चाळणी घ्या आणि कोंडा पुन्हा पिठात मिसळा. जेवणाचा आरंभ भाजी, काकडी, डाळ यांनी करा. भाकरी-भात नंतर घ्या. फळ चावून खा, त्याचा रस काढू नका. रसात साखर उतरते आणि चोथा गाळणीत राहतो. तलबीना, म्हणजे जवाची खीर, रुग्णाच्या मनाला दिलासा देते असे हजरत आयशा (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे, परंतु मधुमेहीसाठी ती करताना मध व खजूर बेताने घाला किंवा टाळा.

चोथा एकदम वाढवू नका. ज्याला सवय नाही त्याचे पोट फुगते. दर आठवड्याला थोडा थोडा वाढवा आणि पाणी पुरेसे प्या. इसबगोल घेणाऱ्यांनी तर पाण्याशिवाय तो कधीही घेऊ नये.

रमजानच्या सहरीत भाकरी, उसळ, दही असे सावकाश पचणारे अन्न घ्या आणि इफ्तारला भजी-शरबताचा ढीग टाळा. एखादा खजूर पुरेसा आहे. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत अल्लाहनेच दिली आहे (सूरह अल-बकरा, 2:185). ज्याला इन्सुलिन चालू आहे किंवा ज्याची साखर वारंवार खाली जाते, त्याने रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. सवलत नाकारून जीव धोक्यात घालणे म्हणजे परहेजगारी नव्हे.

औषध आणि तवक्कुल

एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. भाकरी सुरू केली म्हणून गोळी बंद करू नका. प्रेषितांना (स.) काही लोकांनी उपचार करावेत काय, असे विचारले तेव्हा त्यांनी होकार दिला आणि सांगितले की, वार्धक्य सोडून अल्लाहने प्रत्येक आजारासोबत त्याचे औषधही ठेवले आहे. चोथा औषधाला हात देतो. तो त्याची जागा घेत नाही. आहार बदलला की साखर खाली येऊ शकते, म्हणून औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडून तपासून घ्या. ज्यांच्या मूत्रपिंडाला त्रास आहे त्यांना डाळी, पालेभाज्या, फळे यांचे प्रमाण निराळे असते; त्यांनी हा लेख वाचून परस्पर बदल करू नये. आणि कधी हातपाय थरथरले, घाम फुटला, डोके गरगरले, साखर एकदम उतरल्याची लक्षणे दिसली, तर त्या क्षणी भाकरी उपयोगाची नाही. तेव्हा साखरेचे पाणीच द्यावे. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता तत्काळ दवाखाना गाठावा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा तरी रक्तातील साखर तपासून घ्यावी. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. ज्यांना आजार आहे त्यांनी दररोज आपले पाय पाहावेत. आपण तर दिवसातून पाच वेळा वुजू करतो. पाय धुताना बोटांच्या मधली जागा, तळवा, टाच डोळ्यांनी पाहिली आणि नंतर बोटांमधील ओल पुसून घेतली, तर एखादी जखम वेळेवर ध्यानी येईल. आमच्या चाचांना हे कोणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते.

समारोप

सूरह अत-तकासुरच्या अखेरीस (102:8) मानवाला बजावले आहे की, त्या दिवशी त्याला मिळालेल्या नेमतींविषयी अवश्य विचारले जाईल. पाय ही नेमत आहे. डोळे ही नेमत आहे. ज्वारीचा दाणा आणि त्यावरील कोंडा हीसुद्धा नेमत आहे. आणि ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात त्या इमामाची जीभ, तिचाही हिशेब होणार आहे.

चाचा अजूनही मशिदीत येतात. आता खुर्चीवर बसून नमाज अदा करतात. मागील महिन्यात त्यांच्या नातवाच्या अकीक्याला मी गेलो होतो. त्यांच्या सुनेने दस्तरखानावर बिर्याणीच्या शेजारी भाकरीची टोपली सर्वांसमोर मांडली होती. चाचांनी अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाले, ‘‘मौलाना, बिस्मिल्लाह म्हणून घ्या.’’

हे अल्लाह, आमच्या रुग्णांना आरोग्य दे. तू सोपविलेल्या या शरीराचा हक्क अदा करण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. आमच्या दस्तरखानावर बरकत दे आणि आमच्या जिभेला खाण्यात व बोलण्यात मर्यादा शिकव. आमीन.